गावांमधून जाणारी सायकलफेरी तुम्ही कशी आखता? (अनुभव धागा)

पन्नास ते सत्तर किलोमीटर अंतर, एखाद-दुसरा घाट आणि दुपारच्या जेवणाला घरी परत, अशा मध्यम फेरीचे अंतर आणि चढ नकाशावर लगेच कळतात. पण ती फेरी कोणत्या दिशेने फिरावी हे नकाशा सांगत नाही, आणि माझ्या मते निम्मी आखणी तिथेच असते. पुण्याहून जुना कात्रज घाट, शिंदेवाडी, खेड शिवापूर, मरीआई घाट, गराडे, भिवरी, बोपदेव घाट आणि कोंढवा ही फेरी मी याच क्रमाने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने करतो. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे या क्रमात महामार्ग सोडताना डावीकडेच वळावे लागते. उलट फिरल्यास भरधाव ट्रकांच्या पलीकडची बाजू गाठणे आले. शिवाय महामार्गाचा तुकडा उजाडता उजाडता संपतो आणि मरीआईचा चढ उन्हाच्या आधी होतो. बोपदेव उतरल्यावर कोंढव्याची गर्दी मात्र चुकत नाही. आपापल्या भागातल्या फेऱ्यांचे अनुभव आणि त्यामागची कारणे सविस्तर लिहावीत, ही विनंती.

पुरंदर तालुक्यातून

वरील फेरी आमच्या शिवारातून जाते, म्हणून रस्त्याच्या या बाजूने लिहितो. सुगीच्या दिवसांत ज्वारी, बाजरी किंवा घेवडा वाळवण्यासाठी आणि मळण्यासाठी डांबरावर पसरलेला असतो. त्यावरून सायकल घातली तर धान्य सांडते आणि चाकही घसरते, तेव्हा उतरून कडेने चालावे. मेंढपाळ आणि शेळ्या राखणारे बाभळीच्या फांद्या रस्त्याकडेलाच तोडतात. त्यांचे काटे आणि पावसाळा संपल्यावर सुकलेले सराटे हीच इथल्या पंक्चरची मुख्य कारणे आहेत. त्यामुळे सायकल मातीच्या साइडपट्टीवर टेकवू नये आणि दोन ट्यूब जवळ ठेवाव्यात, कारण सकाळी आठच्या आत गावातले पंक्चरचे दुकान उघडत नाही. वस्तीवरची कुत्री पळणाऱ्या चाकामागे लागतात. सायकलवरून उतरून तिला मध्ये धरून चालू लागले की बहुतेक वेळा ती गप्प होतात. गावाच्या वेशीवरचे गतिरोधक रंगवलेले नसतात, हे उतारावर विशेष लक्षात ठेवावे.

दिशेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. पावसाळ्यात पठारावर पश्चिमेचा वारा एवढा जोरात वाहतो की सपाट रस्ताही चढासारखा वाटतो. त्या महिन्यांत आधी पश्चिमेकडे जाऊन परतीला वारा पाठीशी घ्यावा. डाव्या वळणांचा विचार त्यानंतर.

वाईहून

वाई, मेणवली, धोम हा रस्ता कृष्णेच्या काठाकाठाने जातो आणि नवख्या माणसालाही झेपतो. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा व घाट पाहून पुढे धोमच्या नृसिंह मंदिरापर्यंत जावे. पूर्वेला बावधन, भुईंजकडे फेरी वाढवायची असेल तर मात्र पंचांग आणि गळीत हंगाम दोन्ही पाहावेत. रंगपंचमीला बावधनच्या बगाडाची यात्रा असते आणि त्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याकडे जातात. जोडलेल्या दोन ट्रॉल्यांपैकी मागची वळणावर बरीच आत येते, म्हणून वळणावर त्यांच्या बाजूने पुढे जाऊ नये.

गोव्याहून

जुने गोवे, फेरीबोटीने दिवाडी, तिथून दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे, मग मये, चोडण आणि शेवटी रायबंदरला उतरवणारी तिसरी फेरीबोट, अशी ही फेरी आहे. चढ जवळजवळ नाहीत, पण दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पाणी जास्त घ्यावे. वेळेचा हिशेब बोटींवर ठेवावा लागतो. मला ती सक्तीची विश्रांती आवडते. नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला. डिचोलीकडचे खनिज वाहतुकीचे रस्ते टाळावेत. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि मयेहून चोडणकडे येताना तो समोरून लागतो, त्यामुळे हा टप्पा दुपारपूर्वीच संपवलेला बरा.

नेदरलँड्समधून

इथे सायकलमार्गांच्या फाट्यांना क्रमांक असतात. आवडीचे क्रमांक कागदावर ओळीने लिहिले की फेरी तयार होते. ही पद्धत 1990च्या दशकात शेजारच्या बेल्जियममधील लिंबुर्ग प्रांतात सुरू झाली. घाट नाही, महामार्ग ओलांडणे नाही. उरतो फक्त वारा, आणि पुरंदरच्या सदस्यांनी लिहिलेला नियम मी इथेही तसाच पाळते.

पुण्याहून, एका महिला सदस्याकडून

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही, ती म्हणजे स्वच्छतागृह. शांत गावांच्या रस्त्यावर पुरुषांची अडचण होत नाही, आमची होते, आणि त्या भीतीने पाणी कमी पिणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. म्हणून आमचा गट खेड शिवापूरला न वळता महामार्गाने कापूरहोळपर्यंत जातो आणि तिथे डावीकडे केतकावळे, नारायणपूर, सासवड असा वळतो. केतकावळ्याचे बालाजी मंदिर आणि नारायणपूरचे दत्त मंदिर या दोन्ही ठिकाणी भाविकांचा राबता असल्याने सोय होते. अंतर वाढते, महामार्गही जास्त लागतो, तरीही नव्या मुलींना आम्ही आधी हीच फेरी सुचवतो. पौर्णिमा आणि गुरुवार टाळावेत, कारण त्या दिवशी नारायणपूरला गाड्यांची रांग लागते.