डॅनियल जोन्स: थोडी भर

कुणीतरी लिहिलंय की इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स म्हणजे साहेबी उच्चारांची डिक्शनरी काढणारा माणूस, बास. अहो, डिक्शनरी (१९१७) आहेच, पण तेवढ्यावर बोळवण नका करू त्याची!

मूळचा केंब्रिजचा गणितवाला, मग वकिलीची परीक्षा पास, पण कोर्टात कधी उभा राहिलाच नाही, कारण तोवर पॅरिसला पॉल पासी या फ्रेंच अभ्यासकाकडे ध्वनिशास्त्र (म्हणजे उच्चारांचा अभ्यास) शिकून आला होता आणि ते डोक्यात गेलं ते गेलंच (पुढे लग्नही पासीच्या भाचीशी!). १९०७ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवायला लागला, १९२१ ला प्रोफेसर, १९४९ ला रिटायर. आपले बंगाली भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी लंडनला ध्वनिशास्त्र शिकले ते याच्याच हाताखाली.

मला सगळ्यात भारी वाटतं ते मानस्वरांचं काम (मानस्वर म्हणजे कुठल्याही भाषेतले स्वर ताडून बघायला ठरवून दिलेले ठरावीक स्वर). तोंडात स्वर नेमका कुठे तयार होतो हे दाखवायला पठ्ठ्याने जिभेवर शिशाची बारीक साखळी ठेवून (म्हणजे जिभेची ठेवण फोटोत उमटते) एक्स-रे काढले. म्हणजे साखळी जिभेवर तशीच ठेवायची आणि 'ई', 'ऊ' म्हणत स्थिर बसायचं, करून बघा नुसती कल्पना! भाषाशास्त्राच्या पुस्तकात स्वरांची जी चौकोनी आकृती असते ना, ती यातूनच आलीय.