लोटेला कोकाकोला गेला, आपल्या सिन्नरला असा प्लांट आला तर हवाय का?

अंबड_लिंकरोड
रत्नागिरीत लोटे परशुरामला हिंदुस्तान कोकाकोलाच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं नोव्हेंबर 2023 ला, गुंतवणूक 1,387 कोटी. तेव्हापासून डोक्यात एकच, नाशिकच्या वाट्याला असलं काही का येत नाही? अंबड-सातपूरला जागा उरली नाही मान्य, पण सिन्नरला माळेगाव आहे, दिंडोरीला अक्राळे आहे, समृद्धी दारातून गेलाय. पोरं इथे डिप्लोमा करतात आणि चाकणला जाऊन कॉट बेसिसवर राहतात. द्राक्ष, टोमॅटो, डाळिंब सगळं इथलंच. एक मोठी कंपनी आली की बाकीचं मागोमाग येतं. विरोध असेल तर कारण सांगा, नुसतं "विदेशी कंपनी नको" नको, ते 1977 ला करून झालंय, कोक गेला आणि 1993 ला परत येऊन थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट सगळं विकत घेऊन बसला.

सिन्नरी_बिडी
भाऊ, माळेगावचं नाव घेतलंत, एकदा एप्रिल-मे मध्ये वावी-पांगरीकडे चक्कर मारा. टँकर आला की आधी ड्रम, मग हंडे, मग कळशा, आणि शेवटी तळाचं गढूळ पाणी जनावरांना, एवढी शिस्त बँकेत पण नसते. आणि "बाकीचं मागोमाग येतं" हे वाक्य सिन्नरने आधी ऐकलंय. सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमिनी गेल्या, 1350 मेगावॅटचा वीज प्रकल्प उभा राहिला, आणि वर्षानुवर्षं चिमण्या नुसत्या उभ्या. केरळात प्लाचीमडाला काय झालं ते पण वाचा. 2000 ला कोकचा प्लांट सुरू, 2002 ला आदिवासी बायका गेटसमोर धरणं धरून बसल्या, विहिरी खराब झाल्या म्हणून. कारखान्यातला गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून दिलेला, त्यात शिसं आणि कॅडमियम सापडलं. 2004 ला प्लांट बंद.

अंबड_लिंकरोड
@सिन्नरी_बिडी अर्धंच सांगताय. प्लाचीमडाला कंपनी स्वतःच्या बोअरवेलमधून पाणी उपसत होती, इथे एमआयडीसीचं मीटरचं पाणी, महिन्याला बिल. आणि हायकोर्टाच्या डिव्हिजन बेंचने 2005 मध्ये रोज 5 लाख लिटर घ्यायला परवानगी दिली होती, तज्ज्ञांच्या अहवालात पाऊस कमी झाल्याचं कारण पण होतं. गाळाचं समर्थन मी करत नाही. पण एका गावातल्या प्रकारावरून सगळीकडे नाहीच म्हणायचं म्हटलं तर एकही उद्योग येणार नाही.

सिन्नरी_बिडी
2010 ला केरळच्या समितीने 216 कोटींचं नुकसान काढलं ते पण सांगा ना मग.

बेदाणा
टोमॅटो, द्राक्ष इथलंच म्हणून कोल्ड्रिंकवाले घेतील हे कुणी सांगितलं राव? त्यांना लागतं पाणी, साखर, गॅस आणि बाहेरून येणारं कॉन्सन्ट्रेट. फार तर आंब्याचा पल्प. पिंपळगावला टोमॅटोचा भाव पडला की 20 किलोचा क्रेट मार्केटपर्यंत न्यायचं भाडं सुटत नाही, माणूस रस्त्याच्या कडेला ओतून मोकळा होतो, आणि तेव्हा कुठलाच कोलावाला क्रेट घ्यायला येत नाही. पेप्सी पंजाबात शिरली ती शेतमाल प्रक्रियेचं नाव घेऊन, होशियारपूरकडे टोमॅटोचा प्लांट टाकला आणि काही वर्षांत हिंदुस्तान लिव्हरला विकून टाकला. पुढे 2019 ला त्याच पेप्सीने गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर कोटीच्या वर दावे लावले, आमच्या नोंदणीचं वाण का लावलं म्हणून. बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतले. करार शेती करायची तर कागद वाचणारा माणूस शेजारी बसवा, एवढंच.

सातपूर_सेकंडशिफ्ट
मी बाजूने आहे, पण पाण्याचं गणित सगळेच उलटं मांडतायत. कारखान्यात एका लिटर कोलाला साधारण दोन लिटरच्या आत पाणी जातं. साखर मात्र महाराष्ट्रात किलोमागे दोन हजार लिटरच्या वर पाणी पिते, हा कृषिमूल्य आयोगाचाच हिशोब. 300 मिलीच्या बाटलीत 30 ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे 60 लिटरपेक्षा जास्त पाणी उसातच गेलं. मोर्चे मात्र कारखान्याच्या गेटवर, उसाच्या फडाकडे कुणी बघत नाही कारण तिथे मतं आहेत. वर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे या ड्रिंकवर, सरकारला पैसाच पैसा.

किराणावाला
दुकानातला कंपनीचा फ्रीज बघायला या. लाइट बिल माझं, फ्रीज त्यांचा, आणि मधल्या फळीवर ताकाच्या पिशव्या ठेवल्या तर सेल्समन फोटो काढून साहेबाला पाठवतो. एवढ्या अटी मला, आणि यांना वाटतं एमआयडीसीला आपल्या अटी घालता येतील.

वकील_काका
@सातपूर_सेकंडशिफ्ट जीएसटी माल जिथे खपतो त्या राज्याला जातो, बनतो तिथे नाही. शिवाय मोठ्या प्रकल्पांना सामूहिक प्रोत्साहन योजनेत राज्याचा जीएसटी परतावाही मिळतो. तेव्हा तो मुद्दा सोडा.

उसाचं तुमचं बरोबर, पण मुद्दा खोऱ्याचा आहे. लोटेला कारखाना जातोय तो वाशिष्ठीच्या अंगाला. कोयनेचं 67.5 टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला सोडतात आणि ते वाशिष्ठीतून समुद्रात जातं. त्यातलं थोडं बाटलीत भरलं तर कुणाच्या विहिरीला धक्का नाही, तिथली खरी काळजी सांडपाण्याची, कारण लोटे आधीच केमिकलवाल्यांनी भरलेलं. आपल्याकडे गोदावरी खोऱ्यात 2005 चा कायदा आहे, समन्यायी वाटप, म्हणजे वरच्या आणि खालच्या भागाने पाणी न्याय्य वाटून घ्यायचं. त्याखालच्या 2014 च्या आदेशात ठरलं की 15 ऑक्टोबरला मराठवाड्याचं जायकवाडी धरण 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या गंगापूर, दारणा धरण समूहातून पाणी सोडायचं. लोटेला कुदळ पडायच्या महिनाभर आधीच इकडे नाशिक-नगरच्या धरणांतून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला होता, आणि लगेच दोन्ही बाजू कोर्टात. अशा खोऱ्यात नवा मोठा ग्राहक आणायचा तर त्याचं पाणी कुणाच्या वाट्यातून कापणार ते आधी लिहून द्या. शेतीच्या आवर्तनातून, शहराच्या आरक्षणातून की मराठवाड्याच्या?

अंबड_लिंकरोड
काका मग वायनरी कशा चालतात इथे? त्यांना पाणी लागत नाही का?

वकील_काका
लागतं की. पण ते दिंडोरी-निफाडची द्राक्षं घेतात, पैसा बागेत परत येतो. कोलात इथलं फक्त पाणी. आणि उद्योगाचं पाणी पक्कं असतं हा पण गैरसमज, 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने बिअर कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांपर्यंत कापायला लावलं होतं. उद्या इथे तसं झालं तर पहिला ब्रेक कंत्राटी पोरांना.

सातपूर_सेकंडशिफ्ट
कंत्राटी तर कंत्राटी, आत्ता ती पोरं घरी बसलीत त्याचं काय. शहराचं सांडपाणी शुद्ध करून कूलिंगला आणि धुवायला वापरायची अट घाला, मूळ पाणी फक्त बाटलीपुरतं. जमत नसेल तर नका देऊ जागा.

बेदाणा
ही अट मान्य. फक्त मीटरचं रीडिंग दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागलं पाहिजे, एमआयडीसीच्या फायलीत नाही.

अंबड_लिंकरोड
बोर्डावर लावायला माझी काहीच हरकत नाही. आधी कंपनी तर येऊ द्या.

सिन्नरी_बिडी
आधी बोर्ड.