कथावाचनाचं यूट्यूब चॅनेल: कॉपीराइटचं कुठून सुरू करू? (बजेट ३,०००)

वाशिष्ठीकाठ: नमस्कार मंडळी. सासूबाईंना आताशा वाचवत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना कथा वाचून दाखवते. तेच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं मनात आहे. पण कॉपीराइट, ट्रेडमार्क, पब्लिक डोमेन, क्रिएटिव्ह कॉमन्स ही सगळी भानगड डोक्यावरून जाते. साध्या भाषेतलं पुस्तक, कोर्स, काहीही सुचवा. बजेट ३,००० आणि त्यातच माइक बसवायचाय. वकील नको.

रिटायर्ड_बाबू: वकीलच करा. आमच्या चिरंजीवांनी मसाल्याच्या ब्रँडचं सगळं वकिलाकडून करून घेतलं. २५,००० गेले, पण डोक्याला ताप नाही. आधी चॅनेलच्या नावाचा कॉपीराइट घेऊन टाका, नाहीतर कुणीतरी ढापेल.

काळी_शाई: बाबूकाका, नावाला कॉपीराइट मिळत नाही हो. चिरंजीवांनी घेतला असेल तो ट्रेडमार्क. नाव, लोगो, ज्यावरून गिऱ्हाईक माल ओळखतं ते ट्रेडमार्कमध्ये येतं. लिहिलेलं, काढलेलं, गायलेलं, रेकॉर्ड केलेलं ते कॉपीराइटमध्ये. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर ट्रेडमार्कची सरकारी फी एका वर्गाला (म्हणजे माल किंवा सेवेच्या एका प्रकाराला) ४,५००. म्हणजे ताईंचं बजेट तिथेच संपलं. चॅनेल चालायला लागलं की बघा, आत्ता गरज नाही.

रिटायर्ड_बाबू: जे असेल ते. सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात लावलंय.

गुळपोळी: एवढं काय घाबरताय? खाली 'साभार' लिहायचं आणि लेखकाचं नाव टाकायचं. मी फेसबुकवर किती वर्षं कविता टाकतेय, कुणी काही म्हटलं नाही.

काळी_शाई: कुणी म्हटलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. नाव न देणं ही वेगळी चूक आणि न विचारता अख्खी कथा वापरणं ही वेगळी. परीक्षणात चार ओळी उद्धृत केल्या तर कायदा सूट देतो. पूर्ण कथेचं वाचन त्यात बसत नाही.

गुळपोळी: मग व्हॉट्सॲपवर अर्धा महाराष्ट्र तुरुंगात जायला हवा.

सह्याद्रीचा_वारा: माझा अनुभव ऐका. कथा माझी स्वतःची, आवाज माझा. मागे बासरी लावली होती, कुठल्याशा सीडीवरची. दुसऱ्या दिवशी क्लेम, म्हणजे त्या रेकॉर्डिंगच्या मालकाचा व्हिडिओवर दावा. राग कुणाच्या बापाचा नाही असं मी भांडलो, पण रागावर हक्क नसला तरी त्या रेकॉर्डिंगवर असतो. क्लेम आला की जाहिरातीचे पैसे सहसा समोरच्याला जातात. स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनेलवर बसणारा ठपका, त्याहून वाईट: ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. संगीत यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतून घ्या, फुकट आहे. आणि माइक कॉलरचा घ्या, हजारात येतो.

बोरघाट_९८: कॉलरचा नको, कपडा घासतो. यूएसबी घ्या. मी साडेआठ हजारांचा घेतलाय, आवाज एकदम आकाशवाणी.

सह्याद्रीचा_वारा: बजेट वाचलंत का?

थेम्सकाठी_पुणेकर: आमच्याकडे इंग्लंडमध्ये कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. भारतात बहुतेक ५०.

काळी_शाई: भारतात ६०. आधी ५० होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, त्यांची मुदत संपत आली तेव्हा ती वाढवली. लेखक गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची, ती संपली की पब्लिक डोमेन, कुणालाच विचारायला नको. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून मोकळे. लंडनच्या ७० वर्षांच्या हिशेबानेही २०२० अखेर संपले. ह. ना. आपटे, गडकरी १९१९ चे, त्यांचा प्रश्नच नाही. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणून २०३६ अखेरपर्यंत थांबा. पु. ल. तर २०६० अखेरपर्यंत.

थेम्सकाठी_पुणेकर: बहिणाबाई १९५१ साली गेल्या, म्हणजे २०११ अखेर संपलं, बरोबर?

काळी_शाई: नाही. त्यांचा संग्रह त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये छापला गेला. अशा मरणोत्तर पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे २०१२ अखेर. आणखी एक. रशियन लेखक चेकॉव्ह मोकळा असला तरी त्याचा मराठी अनुवाद अनुवादकाचा असतो. जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रंही वेगळ्या माणसाची. मजकूर वाचा, मुखपृष्ठ थंबनेलला लावू नका.

निवांत_नाना: सगळ्यात स्वस्त उपाय सांगतो. लिखाण पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवायचं आणि उघडायचं नाही. कोर्टात पुरावा!

बोरघाट_९८: नाना, रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं.

निवांत_नाना: काय सांगता! या सरकारने पोस्टाची पार वाट लावली. आमच्या वेळी पोस्टमन…

सह्याद्रीचा_वारा: नाना, पोस्टाचा धागा वेगळा काढा. ताई दुसऱ्याच्या कथा वाचणार आहेत, पाकिटात काय घालतील?

रिटायर्ड_बाबू: माझंही तेच म्हणणं, रजिस्ट्रेशन पाहिजेच.

काळी_शाई: कॉपीराइट लिहिल्याक्षणी आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच तर साहित्यकृतीला ५०० रुपये फी आहे, भांडणात पुरावा म्हणून कामी येते. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे मालकाने आधीच देऊन ठेवलेली सशर्त परवानगी. त्यात 'एनसी' (नॉन-कमर्शियल) दिसलं की व्यापारी वापर चालत नाही, जाहिराती लावायच्या असतील तर तिथे हात लावू नका. शिकायचं असेल तर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा डीएल-१०१ हा ऑनलाइन कोर्स फुकट आहे. इंग्रजी जरा कोरडं आहे, पण या सगळ्या संज्ञा त्यात येतात.

गुळपोळी: मग साने गुरुजीच वाचा ताई. फुकट आणि पुण्याचं काम.

बोरघाट_९८: +१ साने गुरुजी. हयात लेखकाच्या नादी लागू नका. एकाला विचारलं तर त्याने आधी माझ्याच कथा वाचायला मागितल्या, मग नाही म्हणाला.

वाशिष्ठीकाठ: सगळ्यांचे आभार. कोर्सचे दोन धडे झाले, बरंच उलगडलं. पण साने गुरुजी सासूबाईंनी साफ नाकारले, "शाळेत पुरेसं रडून झालंय" म्हणाल्या. आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी खाडीकाठच्या माणसांवर झक्कास विनोदी कथा लिहिल्यात, संग्रह स्वखर्चाने छापलाय. त्यांच्याच वाचणार. विचारलं तर म्हणाले, "वाच की, त्यात विचारायचं काय!" माइक कॉलरचाच घेतला, साडेआठशेला.

काळी_शाई: हयात लेखक नको असं सगळे सांगत होते, तुम्ही तोच निवडलात! ठीक आहे, पण तोंडी 'वाच की'वर जाऊ नका. एका पानावर लिहून सरांची सही घ्या. कथांची नावं, ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही, पैसे देणार की नाही, सगळं त्यात येऊ द्या. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूब जगभर दिसतं, तेव्हा 'जगभर' लिहा. चित्रं दुसऱ्या कुणी काढली असतील तर त्यांना वेगळं विचारा.

वाशिष्ठीकाठ: चित्रं सरांच्या भाच्याने काढलीत, तो दुबईला असतो. ईमेलवर होकार चालेल का?

काळी_शाई: सही केलेलं पत्र स्कॅन करून पाठवू द्या, नुसत्या 'हो चालेल'पेक्षा बरं.

निवांत_नाना: सरांच्या संग्रहाचं नाव काय? मला एक प्रत हवी आहे. व्हीपी करतात का, पोस्टमनला पैसे देऊन घ्यायची?