टांझानियात वर्षभर स्वयंसेवक म्हणून चाललोय, संध्याकाळी बोलायचं कुणाशी?

जांबोटीचा_पाऊस

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या पुढचं गाव. वय २५, बी.एस्सी., बी.एड. एका संस्थेमार्फत टांझानियात मोरोगोरोच्या बाजूला माध्यमिक शाळेत गणित शिकवायला वर्षभरासाठी निवड झालीय. पगार नाही, राहायला खोली आणि खर्चापुरते पैसे. व्हिसा, लस, विमा हे सगळं संस्थेनं समजावलंय, त्यामुळं ते विचारत नाही.

विचारायचंय ते जरा वेडगळ वाटेल. शाळा सुटल्यावर काय करायचं? आजवर घराबाहेर राहिलो ते धारवाडला, आणि तिथंही खोलीत चौघं आपल्याच भागातले. शनिवारी गाडी पकडली की रात्रीच्या जेवणाला घरी. आई रोज एकच विचारते, "तिथं तुला हाक कोण मारणार?" माझ्याकडं उत्तर नाही. कुणी असं राहून आलंय का? दोस्ती होते का, की जाईपर्यंत पाहुणाच राहतो माणूस?

निपाणीवाला

मी मस्कतला नऊ वर्षं आहे. एकच सांगतो भावा, आधी आपली माणसं शोध. टांझानियात गुजराती दुकानदार भरपूर, डाळ-तांदूळ, मसाला सगळं मिळेल. छोटा कुकर मात्र इथूनच ने. बाकी सवय होते.

शहापूरकर

राग मानू नका, पण फुकट शिकवायला समुद्रापार कशाला? भीमगडच्या जंगलातल्या गावांना पावसाळ्यात धड वाट राहत नाही, तिथल्या पोरांना गणित नको काय? सेवा करायचीच तर घरापासून सुरुवात करा की.

मलप्रभेकाठची

जांबोटीचा, तुझा प्रश्न वेडगळ नाही. मी २०१७ ते २०१९ मोरोगोरो भागातच होते, फॉर्म वन आणि फॉर्म टूला, म्हणजे आपल्या आठवी-नववीला गणित. जायच्या आधी मला कुणी संध्याकाळबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, म्हणून लिहिते. लांबेल.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. तिथं तुला 'काका' म्हणून हाक मारतील. घाबरू नको, स्वाहिलीत काका म्हणजे थोरला भाऊ. आणि दादा म्हणजे बहीण! पहिल्या आठवड्यात बाजारातली पोरं मला "दादा, दादा" करत मागं लागली तेव्हा मी वळून कोण पुरुष येतोय ते बघत होते. मामा म्हणजे आई. बाबा तेवढे बाबाच. हे घरी फोनवर सांगितलं तर आमचे मामा आठवडाभर फुगून बसले होते.

भाषेची धास्ती घेऊ नको. आपल्याकडच्या माणसाला एक गोष्ट फुकटात मिळालीय, तुटकं बोलायची लाज नाही. गणपत गल्लीत भाजीवाली कानडीत दर सांगते, आपण मराठीत घासाघीस करतो आणि सुटे पैसे हिंदीत मागतो, कुणाचं काही अडत नाही. माझ्याबरोबरचे दुसऱ्या देशांतले स्वयंसेवक वाक्य बरोबर जुळेपर्यंत तोंड उघडत नसत. मी पहिल्या दिवसापासून चुकीचं बोलत सुटले. शिवाय अर्धे शब्द ओळखीचे निघतात: पेसा म्हणजे पैसा, दुका म्हणजे दुकान, साबुनी, कलामू, हेसाबू. सेरिकाली म्हणजे सरकार. चपाती ती चपातीच, फक्त तेलकट आणि पदर सुटलेली. रिक्षाला बजाजी म्हणतात, आपल्या बजाजवरून.

दारावर टकटक करायची नाही, उभं राहून "होडी!" अशी हाक द्यायची. आतून "करिबू" आलं की जायचं. होडी-होडी ओरडताना मला महिनाभर आपलं आपल्यालाच हसू यायचं. वडीलधाऱ्या माणसाला आधी "शिकामू" म्हणायचं. हे चुकवू नको. बाकी शंभर चुका माफ होतात, ही होत नाही.

घड्याळाचं बघ. तिथला दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'साआ मोजा', एक वाजला. मला मुख्याध्यापकांनी मीटिंग 'साआ न्ने'ला सांगितली, न्ने म्हणजे चार. मी चार वाजता वही-पेन घेऊन हजर. मीटिंग सकाळी दहालाच होऊन गेलेली! आमची आजी "दिवस कासराभर वर आला" म्हणून वेळ सांगायची, तिला हे एका दिवसात कळलं असतं.

आता संध्याकाळ. विषुववृत्त जवळ, त्यामुळं बारा महिने साडेसहा-पावणेसातला अंधार. आपल्यासारखं उन्हाळ्यात लांबलेली संध्याकाळ वगैरे काही नाही, पडदा टाकल्यासारखं. बाईमाणसानं एकटीनं अंधारात फिरायचं नाही असं सगळ्यांनी बजावलेलं. पहिले दोन महिने मी खोलीला कडी लावून फोन धरून बसायचे. तिथले साडेसहा म्हणजे आपले नऊ, घरचे जेवून आडवे व्हायच्या बेतात. पंधरा मिनिटांत बोलणं संपायचं. मग भिंत. शनिवार-रविवारी शहरात जाऊन बाकीच्या स्वयंसेवकांबरोबर बसायचे, इंग्रजीत तिथल्या माणसांबद्दल तक्रारी करायचे आणि सोमवारी आणखी एकटी होऊन परत यायचे. हे कधीमधी ठीक. दर आठवड्याला केलंस तर वर्ष तिथंच संपलं म्हणून समज.

माझ्या क्वार्टरशेजारी एक शिक्षिका राहायची, चाळिशीची, तीन मुलांची आई. तिथं बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, मामा अमुक. इथं नाव लिहीत नाही, मामाच म्हणते. ती नमस्कार-चमत्कारापलीकडं बोलायची नाही. मला वाटलं, घमेंडखोर आहे. एकदा तिनंच विचारलं, "तू दोन वर्षांची ना?" म्हणजे दोन वर्षांसाठी आलीस ना. माझ्या आधी त्याच खोलीत तिघं राहून गेले होते. तिघांनीही जाताना रडून, पत्र लिहू, फोन करू म्हटलं होतं. एकाचा पहिल्या नाताळाला मेसेज आला, बस्स. पाहुण्याला जीव लावायचा किती वेळा, हा तिचा हिशेब. त्यात काय चूक होतं?

आणखी एक. तुला तिथं 'म्हिंदी' म्हणतील, म्हणजे भारतीय. यात शिवी नाही, पण तिथला भारतीय म्हणजे दुकानाचा मालक, गल्ल्यामागं बसणारा, आपसात राहणारा, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. गोऱ्या स्वयंसेवकाकडं कौतुकानं बघतात, आपल्याकडं "तुझं दुकान कुठलं?" म्हणून. निपाणीवाल्यांचा सल्ला चांगल्या मनाचा आहे, पण पहिल्याच महिन्यात आपल्या माणसांत जाऊन बसलास तर तू पण गल्ल्यामागचाच.

माझी गाठ सुटली ती कोळशामुळं. तिथं स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर, तिला जिको म्हणतात. एका संध्याकाळी पाऊस, वीज गेलेली, भात अर्धा कच्चा आणि माझा कोळसा संपला. दुकानापर्यंत जायची सोय नाही. नाइलाजानं मामाच्या दारात "होडी" केलं आणि चार कोळसे उसने मागितले. ती माझ्याकडं बघतच राहिली. आधीच्या तिघांनी कधी काही मागितलं नव्हतं. ते द्यायचे. पेनं, टी-शर्ट, चॉकलेटं. तिनं कोळसे दिले, वर म्हणाली, "भात इकडंच आण, इथं शिजव."

दुसऱ्या दिवशी कोळसे परत द्यायला गेले तर ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. मी पण बसले. हे मला येतं की! खडे काढायला भाषा लागत नाही. आणि खडे काढता काढता येते. त्यानंतर मी ठरवून उसनं मागायला लागले. मीठ, कांदा, सुई-दोरा. ती पण मागायला लागली. डबा तिकडून रिकामा कधी आला नाही आणि इकडून गेला नाही. तू पण हेच कर. मीठ संपलं तर दुकानात जाऊ नको. वाटी घेऊन शेजारी जा.

खोबरं खवायला मी तिच्याकडंच जायचे. त्यांची खवणी म्हणजे बुटकं स्टूल, त्यावर बसायचं, पुढं दातेरी पातं. तिला म्बुझी म्हणजे बकरी म्हणतात. विळीवर बसलेल्या आमच्या आईचाच थाट, फक्त बकरीवर स्वार. उगालीशी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या त्या घट्ट गोळ्याशी, माझं शेवटपर्यंत जमलं नाही. पण नारळाच्या रसातली महारागे, राजम्यासारख्या दाण्यांची, अजून घरी करते. म्चिचा म्हणजे आपला माठच. बेळगावचा कुंदा नेला होता, तो मामानं हुंगून विचारलं, "दूध करपलं काय?" त्यावर काय बोलणार? खरंच तर आहे.

पैशाचं पण सांगते, कारण हे येणारच. जानेवारीत तिथं शाळेचं वर्ष सुरू होतं. मधल्या मुलाचा गणवेश आणि वह्या, मामानं पन्नास हजार शिलिंग मागितले, म्हणजे तेव्हाचे दीड हजार रुपये. संस्थेचा नियम होता, पैसे कुणाला द्यायचे नाहीत. मी रात्रभर तळमळले. दिले तर मी पण गल्ल्यावाली, नाही दिले तर आजवरच्या मिठाला अर्थ काय? दिले. दोन हप्ते रोख आले, तिसऱ्याची कोंबडी आली. कोंबडीची अंडी दोघींनी खाल्ली. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, माझ्या एका मैत्रिणीचे पैसे बुडाले आणि मैत्रीही गेली. तू तुझं बघ, पण परत आले नाहीत तरी झोप उडणार नाही एवढेच दे.

वर्गाचं थोडक्यात. सातवीपर्यंत पोरं स्वाहिलीत शिकतात आणि फॉर्म वनला सगळं एकदम इंग्रजीत. माझी एसएसएलसी, म्हणजे दहावी, मराठीतून. पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतल्यावर पहिल्या तासाला माझं जे तोंड झालं होतं, तीच तोंडं समोर बाकांवर. मी करार केला: मी तुमचं इंग्रजी दुरुस्त करणार, तुम्ही माझी स्वाहिली. माझ्या चुकांवर वर्ग हसायचा, मग तेही चुकायला घाबरेनासे झाले.

शहापूरकर, तुमचा मुद्दा मला तिथंच जाऊन बोचला. स्टाफरूममध्ये मी सहज म्हटलं, आमच्या तालुक्यात सिद्दी लोक आहेत, त्यांचे पूर्वज तुमच्याच बाजूच्या किनाऱ्यांवरून आलेले, आता आमच्यासारखं कोकणी-मराठी-कानडी बोलतात. कुणाचा विश्वास बसेना. फोटो दाखव म्हणाले. नेटवर शोधून दाखवला. मग प्रश्न: जमीन आहे काय त्यांना? शिकतात काय? तुझ्या घरी येतात काय? मला एकाचंही उत्तर देता येईना. खानापुरात जन्मले, वाढले, पण सिद्दी वस्तीवर एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आल्यावर गेले, आता महिन्यातून दोनदा जाते. २०२० मध्ये बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं, त्यानंतर दाखल्यांचे अर्ज भरून द्यायचं कामच पुष्कळ निघालं. तर घरापासून सुरुवात करा हे बरोबर, पण मला घर तिकडून दिसलं. या रविवारी येताय काय माझ्याबरोबर?

शहापूरकर

येतो की. गाडी माझी काढू.

जांबोटीचा_पाऊस

ताई, दोनदा वाचलं. आईला सांगितलं, तिथं मला काका म्हणतील. म्हणाली, अजून लग्नाचा पत्ता नाही आणि काका कसला? एकच विचारतो. तुमची मामा आता बोलते काय तुमच्याशी? का चौथ्या पण तसल्याच निघाल्या?

मलप्रभेकाठची

बोलते. म्हणजे मधले आठ महिने गप्प होते मी, खोटं कशाला सांगू. इथं आल्यावर नोकरी, आईचं आजारपण, आणि काय बोलायचं हेच सुचेना. मग तिचाच फोन आला, "माझं पातेलं कधी देतेस?" निघायच्या आदल्या दिवशी तिनं खंगा घेतला होता. ते कापड जोडीनंच विकतात, दोन सारखे तुकडे एकमेकांना लागून. तिनं मधोमध कापून अर्धा मला दिला, आणि माझं सामान बांधताना गडबडीत तिचं एक पातेलं माझ्या पेटीत आलं. गडबडीत आलं असं मला वाटत होतं.

पातेलं अजून माझ्याकडंच आहे. तू मोरोगोरोला चाललायस म्हटल्यावर तुझ्या हाती धाडावं असं डोक्यात आलं होतं, पण नको. कुंदा तेवढा नेशील काय? पाव किलो. आणि संकेश्वरी तिखट स्वतःसाठी दोन किलो ने, तिथली पिलीपिली नुसती झणझणीत असते, रंग येत नाही.