गणपतीत गावी जमिनीवर झोपायचं आहे, मुलींसाठी काय काळजी घेऊ?

लेकींची आई
यंदा गणपतीत पोलादपूरजवळ सासरी दहा दिवस राहणार आहोत. घर जुनं, जांभ्याचं. माणसं वीस-बावीस, खाटा दोनच. सगळे माजघरात नि पडवीत चटया टाकून झोपतात. माझ्या मुली सहा नि नऊ वर्षांच्या. गेल्या वर्षी खुंटीवरच्या फ्रॉकमधून विंचू निघाला. धाकटी तो घालणारच होती. सासूबाई म्हणतात, इतकी वर्षं झोपतोच आहोत की. त्यांना दुखवायचं नाही, पण रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागत नाही. नेमकं काय करू?

रानवाट
ताई, आधी मच्छरदाणी. बाकीचं सगळं नंतर.

मी महाड तालुक्यातला. २०११ च्या श्रावणात थोरला भाऊ पडवीत चटईवर झोपला होता. पहाटे तीनला उठला, पोटात कळा येतात म्हणाला. आईने ओवा दिला. अंगावर जखम नाही, सूज नाही, कुठे ठणका नाही. पाच वाजता हातात चहा दिला तर पापण्या वर होईनात, घोट गिळता येईना. काकांनी चेहरा बघूनच सांगितलं, मण्यार आहे, गाडी काढा. तीन दिवस श्वासाच्या मशीनवर होता. वाचला. साप मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही.

मण्यार रात्री फिरते, उंदरांच्या मागे घरात येते. तिचे दात इतके बारीक की झोपलेल्या माणसाला चावा कळतही नाही. म्हणून जमिनीवर झोपणं आणि पोटात कळा येणं ही जोडी पक्की लक्षात ठेवा. पहाटे कुणाचं पोट दुखलं, डोळे जड झाले, तर ओव्यात वेळ घालवू नका. आम्ही दोन तास घालवले.

माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ओढली की तीन-चार मच्छरदाण्या सहज लागतात. कडा चटईखाली खोचा आणि चारी बाजूंनी हात फिरवून बघा, कोपऱ्यात हमखास फट राहते. नुसती लोंबती मच्छरदाणी डासांनाही अडवत नाही. आत शिरण्याआधी बॅटरी लावून गोधड्या-उशा झटका. सरपण नि भाताची पोती झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. कपडे खुंटीवर नकोत, बॅगेतच राहू देत, चेन लावून.

गावची सिस्टर
वरचं सगळं खरं आहे. मी आरोग्य केंद्रात बरीच वर्षं काढली, म्हणून चावल्यानंतरचं सांगते. आवळून बांधू नका, ब्लेड लावू नका, मुलीला चालवू नका. पायाला चावलं असेल तर पाय फळीला सैलसर बांधून उचलून न्या. १०८ लावा. सापाला शोधत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष एकच आहे. गावी पोचल्यावर पहिल्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन ते शिल्लक आहे का, विचारून या.

तांबडा विंचू लहान मुलांना फार वाईट. नुसता ठणका असला तरी मुलीला दाखवून आणाच. पण दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तर एक मिनिटही थांबू नका. त्यावर प्राझोसिन नावाची गोळी देतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी याच भागातल्या रुग्णांवर उपचार करत तिचा उपयोग जगापुढे मांडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एके काळी इथे विंचू चावून माणसं जायची हो.

माहेरवाशीण
सासूबाईंना साप-विंचवाचं सांगूच नका, डासांचं सांगा. डेंग्यूचे दिवस आहेतच. आणि पहिली मच्छरदाणी त्यांच्याच अंथरुणावर लावा.

लेकींची आई
रानवाट दादा, तुमचं वाचून घशात आवंढा आला. चार मच्छरदाण्या आजच आणल्या, एक सासूबाईंसाठी. एकच राहिलं. धाकटीला रात्री लघवीला उठावं लागतं आणि न्हाणीघर अंगणापलीकडे आहे.

रानवाट
तिला उचलून न्या, अनवाणी सोडू नका. तुम्ही आधी चपला उपड्या करून आपटा, मगच पाय घाला. बॅटरीचा झोत पावलांपुढे जमिनीवर ठेवा. परतल्यावर मच्छरदाणी पुन्हा खोचायची विसरू नका. उठून आलेला माणूस हमखास विसरतो.