अनुभव धागा : महाविद्यालयातली एनसीसी, अधिकारी होण्याची वाट आणि त्या वाटेवर बदललेले आपण

गोदाकाठ (नांदेड)

यंदा १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनासाठी मुलीच्या महाविद्यालयात गेले होते. पथकाचे नेतृत्व एक सडपातळ मुलगी करत होती. तिने ‘परेड, सावधान’ असा हुकूम दिला आणि मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या आम्हा पालकांच्याही पाठी ताठ झाल्या. पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही अशीच खाकीत उभी राहत असे, ते सारे एकदम समोर आले.

आमचे एनसीसीचे, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेचे, सर एक गोष्ट दरवर्षी नव्या मुलींना सांगत. एनसीसी १९४८ च्या जुलै महिन्यात सुरू झाली, तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता आणि आपण भारतात सामील झालो ते त्यानंतर दोन महिन्यांनी. त्यामुळे हा गणवेश आपल्याकडे उशिरा पोहोचला आहे, तो जबाबदारीने घाला, असे ते म्हणत. माझ्या घरी मुलीने पँट घालून सायकलवरून पहाटे परेडला जाणे कोणालाच पसंत नव्हते. आजीने मात्र माझी बाजू घेतली, कारण तिने रझाकारांचे दिवस पाहिले होते आणि मुलींना बंदूक धरता आली पाहिजे, हे तिचे स्पष्ट मत होते.

मी अधिकारी झाले नाही, पण त्या तीन वर्षांनी माझे वागणे, बोलणे आणि निर्णय घेणे बदलले. तुम्हा सर्वांचे अनुभव वाचायचे आहेत. गणवेश कायमचा मिळालेल्यांनी लिहावे आणि न मिळालेल्यांनीही अवश्य लिहावे.

माजी अंडर ऑफिसर, लातूर

हुकूम देण्याविषयीच सांगतो. रेणापूरच्या बाजूच्या खेड्यातून आलेला मी वर्गात हजेरीपलीकडे तोंड उघडत नसे. आमचे हवालदार उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे लष्करी प्रशिक्षक, दोघादोघांना मैदानाच्या दोन टोकांना उभे करून एकमेकांना हुकूम द्यायला लावत. समोरच्याला ऐकू आले नाही तर तो हलणार नाही, इतका साधा नियम होता. शिवाय हुकूम ठरलेल्या पावलावरच पडावा लागतो. तो एक पाऊल चुकला की अख्ख्या पथकाची लय बिघडते. आपल्या एका शब्दावर तीस जणांची पावले अवलंबून आहेत, हे कळल्यावर बोलण्याआधी विचार करण्याची सवय लागली. सार्जंट आणि पुढे सीनियर अंडर ऑफिसर (हे एनसीसीतल्या छात्रांचे हुद्दे) झालो, तेव्हा वर्गातले सादरीकरण मला परेडपेक्षा सोपे वाटू लागले होते.

सिंदफणा (बीड)

नमस्कार. मी स्वतः एनसीसीत नव्हतो. माझा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बी प्रमाणपत्राची परीक्षा देणार आहे. पुढे सी प्रमाणपत्र घेतले तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी त्याचा नेमका काय उपयोग होतो, हे कोणी सविस्तर सांगेल का? गावात विचारले तर प्रत्येक जण भरतीच्या धावण्याविषयीच सांगतो.

निवृत्त मेजर, अंबाजोगाई

सिंदफणा, आपल्या भागात भरती म्हटले की जवानाचीच भरती डोळ्यांसमोर येते आणि अधिकारी होण्याचा मार्ग पदवीपर्यंत कोणी सांगतच नाही, म्हणून नीट लिहितो.

पायदळ, तोफखाना वगैरे साऱ्या सेनेसाठी ‘एनसीसी स्पेशल एंट्री’ नावाची योजना आहे. वय १९ ते २५, पदवीला एकूण किमान ५० टक्के गुण आणि सी प्रमाणपत्रात किमान बी श्रेणी, या तिच्या मुख्य अटी. या उमेदवाराला लोकसेवा आयोगाची सीडीएस ही लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अर्जांची छाननी होऊन थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीचे बोलावणे येते. तेथे शिफारस झाली, वैद्यकीय तपासणी पार पडली आणि गुणवत्ता यादीत नाव आले, की चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो. ही नेमणूक दहा वर्षांची असते आणि ती आणखी चार वर्षे वाढू शकते. पात्र ठरल्यास कायम सेवेचीही संधी असते.

मुलाने श्रेणीकडे आत्तापासून लक्ष द्यावे. केवळ उत्तीर्ण होण्यापुरते सी प्रमाणपत्र या योजनेसाठी पुरत नाही. हजेरी, शिबिरे, नकाशावाचन, ड्रिल, शस्त्रांची माहिती या सगळ्यांत मन घातले तरच चांगली श्रेणी मिळते.

सिंदफणा (बीड)

मेजरसाहेब, मनापासून आभार. हे त्याला आज रात्रीच वाचून दाखवतो.

दुधना (परभणी)

एसएसबीविषयी लिहितो, कारण माझ्या आयुष्यात त्या पाच दिवसांइतके स्वतःकडे पाहण्याची वेळ पुन्हा आली नाही. पहिल्याच दिवशी चाळणी होते आणि बरेच जण दुपारीच परत निघतात. उरलेल्यांच्या छातीवर क्रमांक लागतो आणि पुढे नावाऐवजी तोच तुमची ओळख असतो. मानसशास्त्राच्या चाचणीत साठ शब्द एकामागून एक पडद्यावर येतात आणि प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद मिळतात. पाठ केलेली वाक्ये तिथे टिकत नाहीत, कारण हात मनाच्या पुढे धावू लागतो आणि खरा स्वभाव कागदावर उतरतो.

सर्वांत जास्त शिकलो ते गटाच्या नियोजनाच्या चाचणीत. एका नकाशावर एकाच वेळी अनेक संकटे मांडलेली असतात: कुठे अपघात, कुठे आग, कुठे रुळाशी घातपात. हाताशी माणसे मोजकी आणि वेळ थोडा. आधी कोणते काम, कोणाला कुठे पाठवायचे, हे प्रथम एकट्याने लिहायचे आणि मग गटाने चर्चा करून एक योजना ठरवायची. आमच्या गटातला केरळचा एक मुलगा फार कमी बोलत होता, परंतु वेळेचा हिशेब त्याच्याच योजनेत बरोबर बसत होता. त्याला बोलू द्या, असे मी गटाला सांगितले आणि शेवटी त्याचीच योजना आम्ही स्वीकारली.

अखेरच्या दिवशी निकालात माझा क्रमांक पुकारला गेला नाही. दुःख खूप झाले आणि परतीच्या प्रवासात कोणाशी बोलावेसे वाटले नाही. पुढे मी महसूल खात्यात लागलो. अतिवृष्टीच्या वेळी नदीचे पाणी गावात शिरले, तेव्हा आधी माणसे, मग जनावरे, मग धान्य, हा क्रम लावून कोणी वृद्धांना शाळेत न्यायचे आणि कोणी पुलावर थांबायचे, हे मी अर्ध्या तासात वाटून दिले. ही विचार करण्याची रीत मला त्या चाचणीच्या तयारीतच मिळाली होती.

माजी अंडर ऑफिसर, लातूर

दुधना, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने गलबलून आले. माझीही निवड झाली नव्हती. ते दुःख मी पुष्कळ वर्षे कोणाला सांगितले नाही.

तेरणा (उमरगा)

तुमच्या दोघांच्या आधीच्या पिढीतला मी. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. लष्कराच्या तुकड्या आल्या, तेव्हा आम्हा काही छात्रांकडे मदतीच्या मालमोटारी उतरवण्याचे आणि तंबूंमधल्या माणसांच्या याद्या ठेवण्याचे काम आले. कवायतीत सरळ रांग कशासाठी शिकवतात, हे त्या दिवशी उमगले. रांग मोडली तर ब्लँकेट धडधाकट माणसाच्या हाती जाते आणि लेकुरवाळी बाई मागे राहते. वीस वर्षांच्या मुलाने याद्या वाचताना कोणत्या आवाजात नाव घ्यावे, आणि उत्तर आले नाही तर पुढच्या नावाकडे कसे वळावे, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. आमच्यासोबतचे सुभेदार साहेब आम्हाला संध्याकाळी जवळ बसवून बळेच जेवायला लावत. नेतृत्व म्हणून मला आजही तेच आठवते.

कयाधू (हिंगोली)

पॉइंट टू-टू रायफलने पहिल्यांदा गोळीबार केला, तेव्हा हात कापत होते. उस्तादांनी श्वास अर्धा सोडून थांबायला शिकवले. आता मी परिचारिका आहे आणि अवघड शिरेत सुई घालताना तसाच श्वास धरते. घाईत आहे, बाकी सवडीने लिहीन.

उदगीरची लेक

मी याच स्पेशल एंट्रीतून चेन्नईला गेले आणि सध्या सेवेत आहे, म्हणून प्रशिक्षणाविषयी सांगता येण्याजोगे तेवढे लिहिते.

मुलाखतीसाठी भोपाळला जाताना सचखंड एक्स्प्रेसमध्ये माझ्या मनात एकच भीती होती, ती इंग्रजीची. मराठी माध्यमातल्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगेन की सोपी, छोटी आणि खरी वाक्ये बोला. मला शेतीविषयी विचारले गेले. वडिलांचे सोयाबीन, त्याचा भाव, कर्जाचा हप्ता हे सारे मला ठाऊक होते, त्यामुळे शब्द अडखळले तरी उत्तर अडखळले नाही.

अकादमीत मुली १९९२ पासून प्रशिक्षण घेत आहेत. सुरुवातीचे आठवडे फार कठीण असतात. प्रत्येक ठिकाणी धावत जायचे, मिनिटांत गणवेश बदलायचा आणि एकीची चूक सगळ्यांनी मिळून भोगायची. मी घरातली हुशार मुलगी होते. एकटीने अभ्यास करून पहिली येण्याची मला सवय होती. तिथे एकटीने काहीच पूर्ण होत नाही. रात्रीच्या लांब चालीत माझ्या पायाला फोड आले, तेव्हा मणिपूरच्या मैत्रिणीने न विचारता माझे ओझे वाटून घेतले, आणि मदत घेणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, हे मला तेव्हा पटले.

आमचे परेड मैदान परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या नावाचे आहे. १९८७ मध्ये श्रीलंकेत ते धारातीर्थी पडले. ते याच संस्थेतून अधिकारी झाले होते. रोज पहाटे त्या नावासमोरून जाताना आळस करण्याची हिंमत होत नसे. दीक्षान्त संचलनानंतर आईवडिलांनी माझ्या खांद्यावर तारे लावले. आई नऊवारीत होती आणि वडिलांना तारा लावताना पिन सापडत नव्हती, तेव्हा शेजारच्या पंजाबी काकांनी ती लावून दिली.

गोदाकाठ (नांदेड)

उदगीरच्या ताई, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचायला दिला. ती बारावीत आहे. तिला विचारायचे आहे की बारावीनंतरच जावे की पदवी करून?

उदगीरची लेक

दोन्ही मार्ग खुले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलींना प्रवेश मिळू लागला. २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि त्यातल्या १७ मुली मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. गणिताची तयारी असेल तर तिने एनडीएची परीक्षा जरूर द्यावी. ती संधी गेली तरी पदवीबरोबर एनसीसीचा मार्ग उरतोच, म्हणून महाविद्यालयात प्रवेश घेतल्याबरोबर नाव नोंदवावे. दुसऱ्या वर्षी जाग आली तर सी प्रमाणपत्राला उशीर होतो.

निवृत्त मेजर, अंबाजोगाई

यात भर घालतो. मुलांसाठी आपल्या छत्रपती संभाजीनगरात राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. दहावीनंतर तेथे निवड होते आणि अकरावी-बारावी करत एनडीएची तयारी करून घेतली जाते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली आहे. दहावीतल्या धाकट्या भावंडांना हे सांगा.

एनसीसीचे सर (जालना जिल्हा)

आम्हा प्राध्यापकांनाही आधी कामठीला प्रशिक्षण घ्यावे लागते, मगच गणवेश मिळतो. मी स्वतः तेथे शिकलो, म्हणून मुलांचे दुखणारे पाय मला समजतात. आमच्याकडची मोठी अडचण एसटीची आहे. पहिली गाडी येईपर्यंत परेड निम्मी झालेली असते, त्यामुळे वाडी-तांड्यावरची उत्तम मुले हजेरीत मागे पडतात. आम्ही परेडची वेळ गाडीला जुळवून घेतली आणि त्या वर्षापासून सी प्रमाणपत्राला बसणाऱ्यांत खेड्यातल्या मुली वाढल्या. इतर महाविद्यालयांनीही हे करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एसएसबीचे बोलावणे आले की खासगी वर्गांसाठी कर्ज काढू नका. नाशिक रोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे एसएसबीच्या तयारीचा दहा दिवसांचा अभ्यासक्रम चालतो आणि प्रशिक्षण, निवास, भोजन हे सर्व विनामूल्य आहे. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी.

सिंदफणा (बीड)

सर, मुलाची आई अजून तयार नाही. एकुलता एक आहे. तरीही रविवारी आम्ही तिघेही त्या कार्यालयाचा पत्ता शोधून ठेवणार आहोत. जाताना काय काय सोबत न्यावे?

एनसीसीचे सर (जालना जिल्हा)

आधी आईंना उदगीरच्या ताईंचा प्रतिसाद शांतपणे वाचू द्या. रविवारी कार्यालय बंद असते, सोमवारी जा. गुणपत्रिका, एनसीसीचे प्रमाणपत्र आणि बोलावणे आले असल्यास ते पत्र, यांच्या प्रती न्याव्यात. आणखी एक काम आत्ताच उरका: डोळे, रंगांची ओळख, कान, दात आणि तळपाय एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण किडलेला दात किंवा कानातला मळ यांवर आज सहज उपाय होतो.