'बतावणी' म्हणजे थापच का?

शाईडाग: कम्युनिस्ट चळवळीतल्या लाल बावटा कलापथकावरच्या (स्थापना १९४४) लेखाचा अनुवाद करतेय. 'पोलिटिकल स्किट'ला मी 'बतावणी' लिहिलं. मुद्रितशोधकांनी खोडून समासात शेरा मारला: "बतावणी म्हणजे थाप. 'पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेला लुटले' वाचत नाही का?" त्यांचा पर्याय 'व्यंग'. काय ठेवू?

पारावरचा: त्यांना एकदा तमाशाच्या फडावर नेऊन बसवा, ताई. आधी गण म्हणजे नमन, मग गवळण, मग बतावणी म्हणजे सोंगाड्याचा विनोदी संवाद, शेवटी वग म्हणजे नाट्य. आमच्या जत्रेत सोंगाड्यानं तराजू आणला होता. उसाच्या पारड्याखाली स्वतःचा पाय. सरदार विचारतो, "मोळी एवढी हलकी कशी?" हा म्हणतो, "सायबास्नी बघून अंग चोरतीया!" कारखान्याचे चेअरमन पुढच्याच खुर्चीत. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले, वर दौलतजादाही केला, म्हणजे पैशांची बक्षिसी दिली. पुढच्या जत्रेला पार्टी दुसरीच आली.

मोडीवाचक: बात, त्यावरून बतावणे. आधी सांगणे-दाखवणे, मग सोंग दाखवणे, थाप सगळ्यात शेवटी. निदान मी तरी असं धरतो. आणि 'व्यंग' नकोच. हिंदीतलं 'व्यंग्य' व्यंजनेतून आलंय, आपलं व्यंग म्हणजे शरीरातली उणीव.

निर्भेळ: मग 'व्यंगचित्र' कसं चालतं? असो. बतावणी हिंदी, दौलतजादा फारसी. 'उपरोधिका' म्हणा की, एकांकिकेसारखं.

पारावरचा: 'उपरोधिका सादर करीत आहोत' म्हटलं की गाडीचे बैलसुद्धा उठून जातील. अन् 'तमाशा' तरी कुठला हो?

चुलीपाशी: तेच तर. याच कलापथकाच्या अण्णाभाऊ साठ्यांनी गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन घातलं, गवळण गाळली. सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा 'लोकनाट्य' हे नाव पुढे केलं. कागदावर बंदी तमाशाला, आम्ही करतो ते लोकनाट्य! याला म्हणतात बतावणी, दोन्ही अर्थांनी.

निर्भेळ: म्हणजे थाप हा अर्थ आहेच. मुद्रितशोधक बरोबर.

चुलीपाशी: अहो, थाप कोणाला मारली ते बघा ना.

शाईडाग: मजकूर संध्याकाळी छपाईला जातोय. ठेवू का नको?

मोडीवाचक: ठेवा, पुढे 'तमाशातली' जोडा. पारावरचे, तुमच्याकडे 'दौलतजादा' म्हणतात की 'दौलतज्यादा'? मूळ 'ज़ियादा', म्हणजे दौलत वाढो.

पारावरचा: आमच्याकडे 'दवलतजादा'.

निर्भेळ: अशुद्ध.